डोंगरावरची नऊ वळणं

मी डोंगरावर पायवाटा बांधते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. माझी आईसुद्धा हसली होती. आमचं घर पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत. आई गवार मोडत बसली होती. "वाट काय बांधायची असते?" ती म्हणाली. "माणसं चालली की वाट पडते. त्याला शिकायला लागतं होय?"

तिचं चुकत नव्हतं. वाट पडतेच. पण पडलेली वाट डोंगराला झेपतेच असं नाही. मी बागा आखण्याचं शिक्षण घेतलं होतं. काही वर्षं बंगल्यांपुढची हिरवळ आणि हॉटेलांतली कारंजी केली. मग हिमाचलात डोंगरी वाटांच्या एका कामावर तीन महिने राहिले, आणि परत आल्यावर हिरवळीत काही मन रमेना. पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते शहराच्या पश्चिमेकडच्या एका डोंगराचं. फार उंच नाही. सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा डोंगर.

त्यावर जुनी वाट होती, पायथ्यापासून माथ्यापर्यंत नाकासमोर सरळ. वर्षानुवर्षं माणसं त्याच रेषेत चढत-उतरत होती, आणि पावसाळ्यात पाणीही त्याच रेषेत उतरत होतं. वाटेची घळ झाली होती. काही ठिकाणी मी आत उभी राहिले की दोन्ही बाजूंची माती माझ्या कमरेला लागायची. सागाची मुळं उघडी पडून लोंबत होती. एक-दोन जण घसरून पडलेही होते. म्हणून ती वाट बंद करायची आणि नवी, सावकाश चढत जाणारी वाट आखायची, असं ठरलं.

डिसेंबरात मी आखणी सुरू केली. या कामात आधी नुसतं चालायचं असतं. उतार मोजायचं एक छोटं यंत्र डोळ्याला लावायचं, दहा फुटांत एक फुटापेक्षा जास्त चढ येऊ द्यायचा नाही, आणि जिथून वाट जाणार तिथल्या झुडपांना लाल रिबिनी बांधत जायचं. आडवं आडवं जाऊन मग वळण घ्यायचं, पुन्हा आडवं. माझ्या आखणीत अशी नऊ वळणं बसत होती.

चौथ्या दिवशी सकाळी गेले तर रिबिनी गायब. सगळ्या. मला वाटलं, गुराख्यांनी नेल्या असतील. पुन्हा बांधल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाहीत. पण या वेळी पायथ्याच्या एका खडकावर त्या मला सापडल्या. प्रत्येक रिबिनीची गोल, घट्ट गुंडाळी केलेली, सगळ्या गुंडाळ्या एका ओळीत मांडलेल्या आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर एक चपटा दगड. मला राग यायला हवा होता, आलाही, पण तो दगड बघून थोडा कमी झाला.

रिबिनी परत बांधल्या आणि तिसऱ्या दिवशी मी उजाडायच्या आधीच जाऊन बसले. सहाच्या सुमाराला एक गृहस्थ आले. सत्तरीच्या आसपासचे, ताठ, पांढरे बूट, कानटोपी. घळीतून सरसर वर चढले. थोड्या वेळानं खाली येताना वाकडी वाट करून माझ्या पहिल्या रिबिनीपाशी गेले आणि गाठ सोडायला लागले.

"काका, ते तुम्ही काढताय होय?" मी ओरडले.

"हो, मीच काढतो." ते जराही दचकले नाहीत. "तुम्ही बांधता का?"

"ही नवी वाट होणार आहे."

"मी पाहिली तुमची वाट. संध्याकाळी गुंडाळता गुंडाळता सगळी फिरलो. सरळ चढलं तर अठरा मिनिटांत माथा येतो. तुमच्या वाटेनं चाळीस मिनिटं लागतील. डोंगर चढायचा असतो मॅडम, त्याला प्रदक्षिणा घालायची नसते."

मी त्यांना माती, पाणी, मुळं सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हातातली गुंडाळी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुमचं म्हणणं बरोबर असेल. पण सकाळी मला चाळीस मिनिटं नाहीत." आणि गेले. त्यानंतर रिबिनींना मात्र त्यांनी हात लावला नाही.

जानेवारीत काम सुरू झालं. दगडकामाला पेठकडचे एक मिस्त्री मिळाले. साठी उलटलेले, बारीक, कमी बोलणारे. सिमेंट न वापरता दगडावर दगड रचून भिंत उभी करण्यात त्यांचा हातखंडा होता. मी त्यांना बाबा म्हणायचे, ते मला ताई. एक दगड हातात घेतला की ते तो चारी बाजूंनी फिरवून बघायचे आणि बहुतेक वेळा खाली ठेवायचे. "हा नाय चालायचा," एवढंच. मला घाई असायची. "लय घाई करता तुम्ही," ते म्हणायचे, आणि त्यांच्या वेगानंच काम चालायचं.

जुन्या वाटेच्या तोंडाशी आम्ही बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. काही दिवसांनी बाबा मला म्हणाले, "ताई, ते म्हातारबा रोज काटे काढून वर जात्यात."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? उतरल्यावर परत लावून जात्यात. आपल्यापेक्षा बेस लावत्यात."

मी खात्री करायला गेले. खरंच होतं. काका कुंपणाची एक फांदी अलगद बाजूला करायचे, चढायचे, आणि खाली आल्यावर फांदी जागच्या जागी बसवून, हलवून बघून मग घरी जायचे. मी विचारलं तर म्हणाले, "बाकीच्यांनी इथून जाऊ नये हे बरोबरच आहे." मला हसू आवरेना. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी भांडायचं सोडून दिलं.

बोलता बोलता कळलं की ते ओझरच्या विमान कारखान्यात होते. तयार झालेला भाग मापात आहे की नाही हे तपासायचं त्यांचं काम होतं. निवृत्त झाल्यावर डोंगराच्या पायथ्याच्या कॉलनीत घर घेतलं. माथ्यावरून सकाळी हवा स्वच्छ असली की ओझरच्या दिशेला उडणारं विमान दिसतं, ते बघायला जातात. मला वाटलं, झालं, एवढ्यासाठीच त्यांना सरळ वाट हवी. माणूस हट्टी आहे.

मार्चमध्ये एका सकाळी ते पाणसळ घेऊन आले. गवंडी लादी बसवताना वापरतात तसली, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली, पण चांगली लांब आणि पितळी कडांची. सोबत दोरी आणि टेप. म्हणाले, "तुमची वाट तपासून बघू का?"

"बघा की," मी म्हणाले. मनात म्हटलं, बघा काय बघायचं ते.

तीन दिवस ते रोज थोडा वेळ येऊन मोजत होते. एका छोट्या वहीत टिपत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला चौथ्या वळणाच्या वर बोलावलं. तिथे करवंदाची मोठी जाळी होती. ती तोडायला नको म्हणून मी वाट तिच्या वरच्या अंगानं नेली होती.

"इथे पंधरा पावलं तुमचा चढ मापाच्या बाहेर आहे," ते म्हणाले. "दहा फुटांना पावणेदोन फूट."

"शक्यच नाही."

"मोजा."

मी यंत्र काढलं. मोजलं. पुन्हा खालून वर मोजलं. पावणेदोन नव्हे, पण दीडच्या वर नक्की होतं. जाळी वाचवण्याच्या नादात मी वाट उचलली होती आणि घाईत तपासायची राहिली होती. त्या पंधरा पावलांखाली बाबांनी आठ दिवस खपून भिंत रचलेली होती. मी बाबांकडे वळले.

"बाबा, तुमच्या लक्षात आलं नव्हतं का हे?"

"आलं व्हतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही इचारलं नाय," बाबा म्हणाले, आणि विडी पेटवायला बाजूला गेले.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. आठ दिवसांचं काम पाडायचं, तेही दुसऱ्याच्या हातचं, माझ्या चुकीपायी. सकाळी मी बाबांची माफी मागितली. ते नुसते मान हलवून भिंतीचा वरचा दगड उतरवायला लागले. करवंदाच्या जाळीखालून नवी ओळ आखली. आणि साडेदहाला, चढून-उतरून घरी जाऊन आलेले काका जुनी पॅन्ट घालून हजर. "चूक मी काढली, तर दगडही मी वाहीन," म्हणाले.

दगड वाहू दिले बाबांनी. पण भिंतीला हात लावू देईनात. आठवडाभर काकांना फक्त कपच्या दिल्या, म्हणजे मोठ्या दगडांच्या फटीत ठोकायचे लहान तुकडे. काका निमूटपणे कपच्या बसवायचे आणि बाबा येऊन बोटानं हलवून बघायचे. हलली की काढून टाकायचे. आयुष्यभर दुसऱ्यांचं काम नापास करणारा माणूस रोज सकाळी नापास होत होता, आणि खूष होता. ज्या दिवशी बाबांनी त्यांच्या हातात पहिला मोठा दगड दिला, त्या दिवशी काकांनी मला घरी चहाला बोलावलं.

तिथे मला चाळीस मिनिटांचा उलगडा झाला.

काकूंचे गुडघे गेलेले होते. सकाळी तर ते धरलेलेच असायचे. काकांनी उठवून बसवल्याशिवाय, शेक दिल्याशिवाय त्यांना पलंगावरून उतरता येत नसे. दहानंतर हळूहळू सुटायचे, मग त्या घरात काठी घेऊन सगळं करायच्या. काकू जाग्या व्हायच्या सातला. काका घराबाहेर पडायचे सहाला. त्या तासाभरात जाणं, चढणं, उतरणं आणि परत येणं बसवायचं होतं. सरळ वाटेनं ते बसत होतं. माझ्या वाटेनं बसत नव्हतं.

"मला तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"त्यात सांगण्यासारखं काय आहे?" काका म्हणाले आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

काकू हसल्या. गोऱ्या, ठेंगण्या, बोलक्या बाई. "रोज येऊन सांगतात मला, आज एक उडालं, आज काहीच नाही, आज धुकं होतं. रेडिओवरच्या बातम्यांसारखं." काका कप धुवायला आत गेले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "तुझी वाट चालायला सोपी आहे म्हणतात हे. माझ्यासारखीला जमेल?"

"थोडी जमेल," मी म्हणाले.

पावसाळ्याआधी वाट पुरी झाली. पण वाट बांधून झाली याला आमच्यात काही अर्थ नसतो, ती भर पावसात चालून बघावी लागते. पाणी कुठून येतं, कुठून जातं हे कोरड्या दिवसांत नुसतं कागदावर कळतं. ऑगस्टमध्ये तीन दिवस झड लागली तेव्हा मी रेनकोट चढवून गेले. पायथ्याशी काका छत्री घेऊन उभे.

"तुम्ही येणार हे माहीत होतं," म्हणाले.

आधी आम्ही जुन्या वाटेपाशी गेलो. घळीतून लालसर पाणी दगड गडगडवत उतरत होतं. काका काही वेळ बघत राहिले. मग आम्ही नव्या वाटेला लागलो. वाटेला बाहेरच्या बाजूला अगदी थोडा उतार ठेवलेला होता, त्यामुळे डोंगरावरून आलेलं पाणी वाटेवरून पातळ पसरून पलीकडे उतरत होतं, वाटेनं धावत नव्हतं. चौथ्या वळणाची दुसऱ्यांदा रचलेली भिंत जागची हलली नव्हती. सहाव्या वळणावर मात्र डबकं साचलं होतं. काकांनी छत्री मिटली, तिच्या टोकानं कडेची माती उकरून चर काढला, आणि आम्ही दोघं डबकं रिकामं होईपर्यंत भिजत उभे राहिलो.

"उद्यापासून मी इथूनच येईन," काका म्हणाले.

"आणि वेळेचं काय?"

"अठरा मिनिटांत जिथवर पोचेन तिथवर. मग मागे."

त्यांनी तसंच केलं. अठरा मिनिटांत ते पाचव्या वळणाच्या जरा खाली पोचायचे. घड्याळ बघायचे आणि मागे फिरायचे. तिथून ओझरकडचं आभाळ दिसत नाही, मधे डोंगराची सोंड येते. ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत, मीही नाही. पण मला ते लागून राहिलं होतं. वाट मी बांधली होती आणि तिच्यामुळे माथा त्यांना बंद झाला होता.

दिवाळीनंतर काकूंचा फोन आला. "गुरुवारी अकराला हे बँकेत जातात, ते दोनशिवाय येत नाहीत. तू येतेस का?"

मी स्कूटरवरून त्यांना पायथ्याशी नेलं. बाबा त्या दिवसांत भिंतींची डागडुजी करायला येत होते. काकूंनी एका हातात काठी घेतली, दुसऱ्या हातानं माझा दंड धरला, आणि पहिल्या वळणापर्यंत आल्या. त्या एवढ्याशा अंतराला पाऊण तास लागला. वळणावर येऊन भिंतीला टेकल्या. घामानं चेहरा ओला झाला होता. "अगो बाई, आमच्या गच्चीवरची टाकी दिसते की इथून!" म्हणाल्या, आणि ती टाकी बघत राहिल्या.

बाबांनी काही न सांगता दुसऱ्या दिवशी पहिल्या वळणावर बसायला एक सपाट दगड बसवला. पुढच्या गुरुवारी काकू त्यावर बसल्या. मग दुसऱ्या वळणावर एक दगड आला. मग तिसऱ्या. काकू डब्यात त्यांच्यासाठी थालीपीठ आणायच्या. बाबा खाताना मान हलवायचे, तेवढंच.

जानेवारीत एका गुरुवारी बँक बंद निघाली. आम्ही तिघं चौथ्या वळणावर बोरं खात बसलो होतो आणि घरी न जाता खालून काका वर येत होते. बायकोला बघून ते जागच्या जागी थांबले.

"तू इथे?" ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "कधीपासून चाललंय हे?"

काकूंनी बोराची बी थुंकली. "दिवाळीपासून."

"मला सांगता येत नव्हतं?" ते दोन पावलं पुढे आले. "पडली असतीस म्हणजे?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पाणसळ घेऊन आला असता," काकू म्हणाल्या. "रोज मोजलं असतं, आज किती, काल किती. मला नुसतं चालायचं होतं."

काका वळणाच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांनी चष्मा काढून पुसला. बाबा उठले, आपली जागा झटकली आणि म्हणाले, "बसा म्हातारबा. बोरं ग्वाड हायती."

मार्चच्या सुरुवातीला आम्ही माथ्यावर गेलो. सकाळी नाही, दुपारी चारला, ऊन कलल्यावर, काकूंच्या गुडघ्यांच्या वेळेनं. नऊ वळणं, सात बसायचे दगड, दोन तास. शेवटच्या वळणानंतर काकूंनी माझा हात सोडला आणि काकांचा धरला. मी आणि बाबा मागे राहिलो. माथ्यावर वारा होता. एकीकडे धरणाचं पाणी, खाली द्राक्षबागा, शहर, आणि पार लांब ओझरच्या बाजूचं मोकळं आभाळ. विमान वगैरे काही नव्हतं. काका बोट दाखवून सांगत होते, तिकडे कारखाना, तिकडे धावपट्टी. काकू ऐकत नव्हत्या. पदर डोक्यावर घट्ट धरून नुसत्या बघत होत्या.

"हे तुम्ही एवढी वर्षं एकटे बघत होता?" त्या म्हणाल्या.

"तुला येऊन सांगत होतो की रोज."

"तुम्ही विमानाचं सांगत होता," काकू म्हणाल्या. "हे एवढं मोठं आहे हे नाही सांगितलंत."

उतरताना मात्र हाल झाले. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो, हे मला माहीत असायला हवं होतं. सातव्या वळणाखाली लांब पट्टा आहे, तिथे बसायला काहीच नव्हतं. काकूंना तिथे उभं राहून रडू आलं. काका आणि बाबा दोघांनी दोन बाजूंनी धरून त्यांना अंधार पडल्यावर कसंबसं खाली आणलं. नंतर तीन दिवस त्या पलंगावरून उठल्या नाहीत. मी रोज जाऊन येत होते आणि काकांच्या नजरेला नजर देत नव्हते. चौथ्या दिवशी काकूंनीच विषय काढला.

"अगं, अशी तोंड पाडून काय बसतेस? सातव्याच्या खाली एक दगड लागतो. तेवढा बसव आणि मग बघू."

पुढच्या आठवड्यात बाबा आणि मी तो दगड बसवायला गेलो. काकाही आले, पहार घेऊन. काकू पहिल्या वळणावरच्या दगडावर बसून फोनवर होत्या. किती उंच हवा हे त्यांनाच विचारायचं होतं, कारण फार खाली बसलं की त्यांना उठता येत नाही. काकांनी एका हातात फोन आणि एका हातात टेप धरला होता. बाबांनी दगड टेकवला. काकांनी उंची वाचून सांगितली.

फोनमधून काकूंचा आवाज आला, "थांबा, मी इथल्या दगडाला काठी लावून बघते." आम्ही तिघं थांबलो. मग त्या म्हणाल्या, "अजून दोन बोटं वर."

बाबांनी दगडाखाली घालायला कपची शोधली, चारी बाजूंनी फिरवून बघितली आणि काकांच्या हातात दिली.